आडातून ऐकलेलं भांडण

"पखालवाला नको," मामंजी वरून म्हणाले. "आपला गडी येईपर्यंत थांबायचं."

हे मी आडात उभी राहून ऐकलं. पाणी छातीपर्यंत होतं, पौषातलं. डाव्या हाताची बोटं दगडांच्या फटीत अडकवली होती आणि उजव्या हातात चार वर्षांची पोर होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते सारखं घसरत होतं. पाय भिंतीतल्या एका खोबणीत होते, खाली तळ लागत नव्हता. खोबण शेवाळलेली. एक पाय सुटला की दुसरा सुटणार हे मला कळत होतं.

"मामंजी, मला धरवत नाही!" मी ओरडले. सासऱ्यांशी तोवर मी तोंड उघडून बोलले नव्हते. ते माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं.

"धरवत नाही म्हणजे काय? धर. गडी निघाला असेल."

गडी कुठून निघाला असेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो सकाळीच नदीकाठच्या वखारीत लाकडं आणायला गेला होता.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आमचं घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. घरात पुरुष म्हणजे मामंजीच. त्यांचे दोन्ही मुलगे, माझे थोरले दीर आणि माझे यजमान, फौजेबरोबर कारकून म्हणून गेले होते. थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या आणि जाताना थोरली पोर माझ्याजवळ ठेवून गेल्या होत्या. "तुमच्या हवाली करते हो," एवढंच म्हणाल्या होत्या. पोर माझ्याजवळ निजे, माझ्या पानात जेवे. म्हणजे तिचं जे काही होईल ते माझ्या पदरात पडणार होतं.

त्या दिवशी मामंजींच्या वडिलांचं श्राद्ध होतं. श्राद्धाच्या दिवशी घरात लहान मूल म्हणजे विंचू. कुठून येईल आणि कोणाला शिवेल सांगता येत नाही. सासूबाई पहाटेपासून सोवळ्यात, धाबळी नेसून, एकट्या स्वयंपाक करत होत्या. मी ओवळ्यात, म्हणून मला एकच काम होतं, पोरीला लांब ठेवायचं. क्षणाचे, म्हणजे श्राद्धाला जेवायचं आमंत्रण दिलेले, दोन ब्राह्मण येऊन ओटीवर बसले होते. एक वयस्कर शास्त्रीबुवा, दुसरे तरुण.

सासूबाई घागर घेऊन पाण्याला अंगणात आल्या. पोरीनं सकाळपासून आजीला पाहिलं नव्हतं. ती माझा हात सोडून धावली. सासूबाईंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "अगं, शिवू नकोस!" मीही ओरडले, "मागं हो!" पोर थांबली. आमच्याकडे तोंड करून एक पाऊल मागं गेली. सोवळ्यातलं माणूस आणि ओवळं पोर यांत हातभर अंतर पुरतं. पण मला भीती होती ती मामंजींची, ते ओटीवरून पाहत होते. म्हणून मी पुन्हा म्हटलं, "अजून मागं हो. अजून."

पोर ऐकणारी होती. ती मागं झाली.

आमच्या आडाला तीन बाजूंनी कठडा होता. चौथी बाजू, जिथं उभं राहून पाणी ओढायचं, ती मोकळी होती. तिथं नुसते दोन दगड. पोर त्या दगडांवर उभी होती आणि मग नव्हती. ओरडलीही नाही. पाण्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

माझं माहेर नदीकाठचं, मला पोहता येत होतं. मी पोहऱ्याचा दोर धरून खाली गेले. उतरले म्हणवत नाही, घसरले. तळहातांची सालं निघाली. पाणी हातभर राहिलं असताना दोर तुटला आणि तो माझ्या अंगावर आडात पडला. पोर वर येऊन पुन्हा खाली चालली होती, तेवढ्यात तिचे केस हाताला लागले. तिला ओढून घेतलं, खोबण सापडली, फट सापडली. पोर खोकली, रडली, मग रडायची थांबली. तिचं थांबणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

वर पाहिलं की परातीएवढं आभाळ दिसत होतं. कधी त्यात एखादं डोकं येई. बाकी सगळं मी ऐकूनच सांगते आहे. आडात बोलणं फार स्वच्छ ऐकू येतं.

तरुण ब्राह्मण गड्याला बोलवायला पळाले. शास्त्रीबुवा उतारवयाचे, मामंजी साठीचे. दोघांपैकी एकालाही उतरता येणं शक्य नव्हतं, आणि दोरही उरला नव्हता. शेजारी नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. गवंडी जेवायला गेले होते, पण चुन्यात पाणी घालायला हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवरून पखाल आणणारा पखालवाला तिथं होता. सासूबाईंची किंकाळी ऐकून तो आमच्या दारात आला. मुसलमान होता. त्याला मी रोज खिडकीतून पाहत असे.

"महाराज, माझ्याजवळ नाडा आहे," तो म्हणाला. "भरल्या पखाली आवळतो, तुटायचा नाही. मी उतरतो."

नाडा चामड्याचा. पखाल चामड्याची. आणि उतरणारा मुसलमान, श्राद्धाच्या दिवशी, ज्या आडाच्या पाण्यात पितरांचा भात शिजला होता त्या आडात. तेव्हाच मामंजी म्हणाले ते, जे मी सुरुवातीला लिहिलं.

"तुला कोणी बोलावलं? बाहेर हो," ते त्याला म्हणाले.

"तो बाहेरच आहे," शास्त्रीबुवांचा आवाज आला. "उंबरठ्याच्या आत त्याचा अंगठासुद्धा नाही. चांगला शिकलेला दिसतो."

"शास्त्रीबुवा, थट्टेची वेळ नाही."

"मी थट्टा करत नाही. खाली दोन जीव आहेत. आपद्धर्म म्हणून काही असतं. मी पोथीतला आधार देतो."

"आधार द्यायला आपण मोकळे. आड माझा आहे. वडील माझे आहेत. त्यांचा पिंड मी चामड्याच्या पाण्यावर देणार नाही."

"आज पानात तूप वाढणार होतात ना? ते बाजारात कशातून आलं? बुधल्यातून. बुधला कशाचा असतो?"

"तुपाला दोष नाही."

"उसाला मोटेचं पाणी. मोट कशाची?"

"शेताला दोष नाही. आडाला आहे."

"वा," शास्त्रीबुवा म्हणाले.

हे चाललं होतं आणि माझी बोटं बधिर होत होती. आधी दुखली, मग दुखायची थांबली, मग ती फटीत आहेत की नाहीत हे पाहूनच कळत होतं. पोरीचे ओठ निळे झाले होते. मी तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, मी शिवले नाही."

मी म्हटलं, "नाही शिवलीस."

मामंजींना पेठेत करारी म्हणत. नेमाचे, निग्रही, एकवचनी असंही म्हणत. मोठ्या माणसाला असेच शब्द मिळतात. आमचा गडी एकदा म्हणाला की मी डावीकडच्या गल्लीनं जाणार नाही, तिथं मला भूत दिसलंय. त्याला सगळे अडेलतट्टू म्हणाले. समोरच्या घरातल्या विधवा आत्याबाई कोकणातल्या माणसाच्या हातचं पाणी घेत नसत; त्यांना हेकट म्हणत, आडमुठ्या म्हणत, त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करत. मामंजीही कोकणातल्या माणसाच्या हातचं पाणी घेत नसत. त्यांची नक्कल कोणी केली नाही. बायका हौदावर पाणी भरताना त्यांच्याबद्दल फार तर म्हणत, "ते म्हणतील ती पूर्व." आणि हसत. आडात उभं राहून मला हे आठवत होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा मला फक्त थंडी आठवत होती. हे पुढं सुचलं.

वर सासूबाई बोलल्या. "अहो, उतरू दे त्याला."

"तू आत जा. चुलीवर काय आहे ते बघ."

"उतर रे," सासूबाई पखालवाल्याला म्हणाल्या. "मी सांगते."

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "तुमच्या सांगण्यावर मला उतरता येत नाही. घरधन्यानं आपल्या तोंडानं सांगावं. उद्या बोभाटा झाला की बामणाच्या आडात मुसलमान उतरला, मला चौकीवर उभं केलं, तर मी कोणाचं नाव घेऊ? बाईमाणसाचं?"

तो भित्रा नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं. त्या काळात तसं झालं असतं तर त्याची पाठ फुटली असती आणि कोणी विचारलंही नसतं की पोर वाचली का.

"सांगा, महाराज," तो म्हणाला. "एक शब्द सांगा. 'उतर' म्हणा."



"अहो, म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

"गडी येतोय."

"कुठं येतोय?"

"येतोय म्हटलं ना!"

माझा डावा पाय सुटला. मी उजव्यावर तोलले. पोर हातातून वीतभर खाली गेली, तिचं तोंड पाण्यात गेलं, मी तिला वर ओढलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चांगलं काही नसावं, कारण शास्त्रीबुवा "हरहर" म्हणाले.

मग एक आवाज आला तो मला प्रथम कळला नाही. काही जड वस्तू दगडावरून फरफटत येत होती. सासूबाईंचं डोकं आभाळात दिसलं. त्यांच्या हातात काळं, तेलकट, मनगटाएवढं काहीतरी होतं. ते त्यांनी खाली सोडलं. नाड्याचं टोक माझ्या डोक्यापाशी येऊन पाण्याला लागलं.

त्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि पखालवाल्याच्या पायाशी पडलेला नाडा स्वतःच्या हातानं उचलून, धाबळीवरून ओढत आडापर्यंत आणला होता.

"अगं, काय केलंस हे!" मामंजी ओरडले. त्यांचा आवाज चिरकला.

"काय केलं ते दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "मी चामड्याला शिवले. स्वयंपाक माझ्या हातचा, तो गेला. नाडा पाण्यात गेला, आड गेला. आज श्राद्ध होत नाही. आता तुम्ही कशासाठी अडता ते सांगा."

मग मामंजी म्हणाले, "मी सांगणार नाही." पावलं वाजली. ते आत गेले.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "अरे ए, उतर. उद्या चौकीवर कोणी विचारलं तर सांग, क्षणाला बसलेल्या ब्राह्मणानं उतरवलं. मी येऊन तसं सांगेन. जेवण तर आज मिळत नाहीच, निदान साक्ष तरी देतो."

पखालवाल्यानं नाड्याचं दुसरं टोक रहाटाच्या खांबाला बांधलं आणि तो खाली आला. नाडा धरून, खोबणीत पाय टाकत, सावकाश. त्याचे पाय आधी दिसले, चुन्यानं पांढरे झालेले. मग त्याच्या अंगाचा वास आला, ओल्या कातड्याचा आणि चुन्याचा. माझ्या वर हातभर अंतरावर तो थांबला, एका हातानं नाडा धरला आणि दुसरा हात पोरीकडे केला.

मी पोर मागं ओढली.

यात विचार नव्हता. तव्याला बोट लागलं की हात आपोआप मागं येतो तसा माझा हात मागं आला. इतका वेळ मी मामंजींना मनात शिव्या देत होते, पखालवाल्याला पाठवा म्हणून वर ओरडत होते. तो आला, त्याचा हात पोरीला लागणार म्हटल्यावर मी पोर मागं ओढली.

त्यानं ते पाहिलं. "वर ते अडले, खाली तुम्ही अडा," तो म्हणाला. "पोरगी कुठं जाईल?"

पोर मागं ओढताना माझा उजवा पाय सुटला. मी पाण्याखाली गेले. वर आले तेव्हा माझा हात रिकामा होता.

तो नाडा सोडून पाण्यात पडला होता. आड अरुंद, दोन माणसांना पोहायला जागा नाही. त्याचा गुडघा माझ्या पोटात बसला. मी भिंतीला चिकटले. तो खाली गेला. किती वेळ ते मला सांगता येत नाही. वर आला तेव्हा पोरीचा एक पाय त्याच्या मुठीत होता. त्यानं तिला खांद्यावर उलटी टाकली आणि पाठीवर दोन थापा मारल्या. तिच्या तोंडातून पाणी आलं. मग आणखी आलं. मग ती खोकली.

त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, पोर पाठीशी बांधली आणि नाडा धरून वर गेला. मग नाडा माझ्यासाठी खाली आला. मी तो काखेखालून बांधला. मला वर ओढताना एका बाजूला तो होता, मागं सासूबाई आणि त्यांच्या मागं शास्त्रीबुवा, शेंडी सुटलेले. चामड्याच्या नाड्याला त्या दिवशी तिघांचे हात लागले. मी काठावर पडले तेव्हा आमचा गडी, त्या तरुण ब्राह्मणांशी वाटेत चुकामूक झालेला, लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन दारात उभा होता. "काय झालं?" त्यानं विचारलं.

जाताना पखालवाला मला म्हणाला, "बाई, पोरीला आधी शेका. पाणी घालू नका." नाडा गुंडाळून खांद्यावर टाकला आणि हेल्याकडे गेला. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे त्याला द्यायला पाणीच नव्हतं म्हणा.

हे सगळं मी लिहिते त्याचं कारण पुढचं आहे.

मामंजी माजघरातून बाहेर आले. डोळे लाल होते. पोरीकडे पाहिलं, ती जिवंत आहे हे पाहिलं, आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांना नात नको होती असं नाही. ती त्यांच्या मांडीवर बसून पाढे म्हणे. मग ते म्हणाले, "दोघींना स्नान घाला. डोक्यावरून. त्याशिवाय घरात घेऊ नका."

सासूबाई तेव्हा परसात होत्या, हाताला चामड्याचं तेल लागलं होतं ते राखेनं घासत होत्या. गड्यानं हौदावरून पाणी आणलं. आडाचं पाणी आता चालणार नव्हतं. घागर उचलली मी. मामंजींनी उचलली नाही, गड्यानं उचलली नाही. मी पोरीला अंगणातल्या धोंडीवर बसवलं आणि पौषातलं गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. पखालवाल्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं होतं. विसरले नव्हते. पण त्यानं तिला पाठीवर बांधली होती आणि तशी पोर घरात कशी न्यायची, हे माझ्या डोक्यात घट्ट होतं. मला कोणी धरून बांधलं नव्हतं.

पहिल्या घागरीला ती रडली. दुसरीला तिचे दात वाजले. तिसरीला ती नुसती बसून राहिली.

सासूबाई परसातून आल्या. त्यांनी माझ्या हातातली घागर घेतली आणि पालथी केली.

"काय करते आहेस?"

"मामंजी म्हणाले."

"आणि तू घातलंस?"

त्यांनी पोर उचलली, आपल्या अंगाशी धरली आणि पडवीत नेऊन शेगडीपुढं बसल्या. त्यांनी स्वतः अजून स्नान केलं नव्हतं.

"आता तिला पुन्हा न्हाऊ घालावं लागेल," मामंजी म्हणाले.

"घालून दाखवा," सासूबाई म्हणाल्या. वर पाहिलंही नाही.

तिला संध्याकाळी ताप भरला. दुसऱ्या दिवशी पसली चालू लागली, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडायचा. वैद्य आले. नाडी पाहिली, मात्रा दिली आणि विचारलं, "आडातून काढल्यावर लगेच शेकलं होतंत ना?" मी म्हटलं, "नाही, न्हाऊ घातलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कोणी?" मी म्हटलं, "मी." ते औषधाची पुडी बांधू लागले.

पाच दिवस सासूबाई पडवीतच होत्या. ओव्याच्या पुरचुंडीनं पोरीची छाती शेकत. मी आतून निखारे आणून देई, लांबून ठेवी. मी तोवर पंचगव्य घेऊन शुद्ध झाले होते. दुसऱ्याच दिवशी घेतलं, कोणाला फार सांगावंही लागलं नाही. सासूबाईंना मामंजींनी सांगितलं, प्रायश्चित्त घे. त्या म्हणाल्या, "कशाचं? पोर वर काढली त्याचं?"

"चामड्याला शिवलीस त्याचं."

"चामड्याला शिवले म्हणून पोर वर आली. त्याचं प्रायश्चित्त घेतलं तर त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. तुम्ही शिकलेले आहात."

आडातलं सगळं पाणी उपसून टाकलं, पंचगव्य शिंपडलं, भट आले, मंत्र झाले. राहिलेलं श्राद्ध अमावास्येला केलं. स्वयंपाक मी केला. त्या दिवसापासून मामंजींनी सासूबाईंच्या हातचं खाल्लं नाही, मरेपर्यंत नाही. म्हणजे सतरा वर्षं. सासूबाईंनी प्रायश्चित्त घेतलं नाही, मरेपर्यंत नाही. एका घरात दोघं राहिली, रोज बोलली, सणाला एकमेकांना विचारून सगळं केलं. पानात वाढायला मी.

पेठेनं या सगळ्याला शब्द लावले. मामंजींचा करारीपणा आणखी वाढला. घरच्या बायकोचीही भीड धरली नाही, असा माणूस विरळा, असं लोक म्हणू लागले. सासूबाईंना हेकट म्हणाले. त्याआधी त्यांना कोणी काहीच म्हणत नसे. हौदावरच्या बायका म्हणत, म्हातारी मोठी हट्टी बाई, नवऱ्यापुढं वाकत नाही, एवढंसं पंचगव्य घ्यायला काय जातं? मला शहाणी सून म्हणाले. गुणाची पोर, लगेच शुद्ध झाली, वाद घातला नाही.

एकदा पखालवाला रस्त्यात दिसला. मी बाजूला झाले. सवयीनं झाले. तो हेल्याला हाकत निघून गेला.

मी मामंजींना दोष देते तसा मला लोकांनी दिला नाही. त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. मी पोरीला मागं हो म्हटलं, खाली तिला मागं ओढलं, वर आल्यावर तीन घागरी पाणी घातलं. तीन वेळा. आणि तिन्ही वेळा मला वाटलं की मी बरोबर करते आहे. मामंजींना निदान वाद तरी घालावा लागला. मला कोणी काही विचारलंच नाही, म्हणून माझं काय मत आहे हे मलाही कळलं नाही. लहानपणी वडिलांनी धूळपाटीवर अक्षरं शिकवली आणि वीसपर्यंत पाढे. आठव्या वर्षी लग्न झालं, शिकणं थांबलं. पण मागं व्हायला शिकवावं लागलं नव्हतं. ते येतच होतं.

सासूबाईंना मी एकदा विचारलं, त्या थकल्या होत्या तेव्हा. "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कशाची?"

"मामंजींची. विटाळाची."

"वाटली की," त्या म्हणाल्या. "नाडा हाताला इतका घाण लागला की अजून आठवलं तर अंगावर काटा येतो. मला काय चामडं आवडत होतं?" मग म्हणाल्या, "तू काय घागर घेऊन बसली होतीस गं तेव्हा. माझ्या मनातून ते जात नाही." आणि कूस बदलून झोपल्या.

पोरीचा श्वास पाचव्या दिवशी दुपारी मोकळा झाला. बरगड्यांखालचा खड्डा कमी झाला. सहाव्या दिवशी तिनं मऊ भात मागितला. सासूबाई म्हणाल्या, "आण." मी भात आणला आणि उंबरठ्याशी ठेवला. त्या म्हणाल्या, "तिथं नको. इथं ये आणि भरव." सासूबाई शुद्ध नव्हत्या, त्यांच्या अंगाला टेकून पोर बसली होती. मी थोडी थांबले. मग गेले आणि भरवला. नंतर पुन्हा स्नान केलं, हेही सांगते.

जाऊबाई मुलगा घेऊन तीन महिन्यांनी आल्या. त्यांना सगळं सांगितलं ते शास्त्रीबुवांनी, माझ्यादेखत, घागरींसकट. पोर त्या दिवसापासून त्यांच्याजवळ निजू लागली.

मामंजी गेले, सासूबाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, माझे यजमान आणि जाऊबाई दोघंही गेली. पोर जगली. शनिवार पेठेत दिली, तिला पाच मुलं झाली, त्यांतली तीन आहेत. आडात पडलेल्या आम्ही दोघी, आणि आज दोघीही जिवंत आहोत.